अकरा वर्षं न धुतलेला ट्रम्पेट

तिसऱ्या मजल्यावरच्या ट्रम्पेटवाल्याला सगळी गल्ली 'दमदार' म्हणायची, आणि हा गडी ती पदवी मिरवत फिरायचा. गावच्या बँडचा प्रत्येक कार्यक्रम त्याच्या एका लांबलचक सुराने सुरू व्हायचा. तो संपेपर्यंत समोरच्याने चष्मा काढून, पुसून, पुन्हा नाकावर चढवावा! तेवढ्या एका सुराच्या जोरावर स्वारी घरात इकडची काडी तिकडे करत नसे.

ट्रम्पेट बाहेरून आरशासारखा लखलखीत. रोज जिन्यात बसून घासायचा ना! आत मात्र अकरा वर्षांत पाण्याचा थेंब नाही. "धुतलं की सूर पातळ होतो," हे त्याचं शास्त्र. वाजवून झालं की थुंकी जिन्यातल्या कुंडीत झटकायची आणि ओलं वाद्य पेटीत कोंबायचं. कुंडीतलं रोप केव्हाच मेलं. अक्कल होती त्याला.

मग खोकला लागला, जिना चढताना धाप लागू लागली. दोष कुणाकुणाला दिला! खालच्या सुताराच्या भुशाला, बायकोच्या तळणाला, शेजारणीच्या मांजराला. बिचारीने मांजर बहिणीकडे धाडलं. खोकला जिथल्या तिथे.

पुढे पंधरा दिवस तो मेव्हण्याकडे राहिला, ट्रम्पेट घरीच. खोकला छूमंतर! परत आला, दोन दिवस वाजवलं, की पुन्हा खॉ खॉ. नवऱ्याच्या टाळक्यात उजेड पडेना, पण बायकोच्या पडला. तिने पेटी उचलली, नवऱ्यालाही ओढत नेलं आणि पेटी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर आदळली.

"यांचा आजार घेऊन आलेय. आत बघा."

बाईंनी नळीत बॅटरी मारली आणि मान मागे घेतली. "हिरवीगार बुरशी आहे ही. रोज ओढताय छातीत. फुप्फुसं सुजलीत त्यानं."

"ओढतो कुठे, बाई? मी तर फुंकतो!" दमदार ऐटीत म्हणाला.

"आणि फुंकायच्या आधीचा श्वास?"

"नळी तोंडाला लावूनच घेतात," बायको म्हणाली. "अकरा वर्षं बघतेय."

सहा महिने वाजवणं बंद. सूज उतरेल, पण पडलेले व्रण राहतील, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. दमदारचा चेहरा पडला. तो सूर गेला तर उरलं काय? घासायचं फडकं!

बायकोने ब्रश घालून ट्रम्पेट धुतला, तेव्हा बादली हिरवी झाली. हा मोरीच्या दारात उभा राहून कण्हत होता, "गेली माझी अकरा वर्षांची कमाई!"

सहा महिन्यांनी तो पुन्हा व्यासपीठावर उभा राहिला. सूर निघाला तो इतका स्वच्छ, की सगळे चकित झाले. पण समोरच्याचा चष्मा पुसून होण्याआधीच दम संपला. खाली उतरून त्याने ओला ट्रम्पेट पेटीत कोंबला आणि बायकोवर खेकसला, "सांगत होतो ना? धुतल्यावर सूर पातळ होतो!"

पेटी उघडून तिने ट्रम्पेट काढला, पदराने कोरडा केला आणि बँडमधल्या दुसऱ्या वादकाच्या हातात दिला.

"घ्या, भाऊजी. एवढंच करा, धूत जा."