नारिंगी खडे

रंगाऱ्यांच्या वस्तीत तिला सगळे नक्षीताई म्हणत. कापडावरच्या नक्ष्या काढण्याचं शिक्षण घेऊन ती पहिल्यांदा इथे आली तेव्हा अंगावर कडक इस्त्रीचे कपडे होते. ज्यांच्या शेडमध्ये ती काम शिकणार होती त्या थोरल्या रंगाऱ्यानं, म्हणजे काकांनी, तिचे हात बघितले आणि बायकोला हाक मारली, "अगं ए, पाहुणी अजून कोरीच आहे. बुडवून काढ!" काकूंनी खरंच बुडवून काढलं. कोपरापर्यंत निळी होऊन ती घरी गेली, तर आईनं दारातच कपाळाला हात लावला.

पुढे लग्न झालं, मुलगी झाली, मुलगी शिकून लांब गेली, नवरा देवाघरी गेला. शेड मात्र सुटली नाही. ती नक्षी काढायची, काका रंग चढवायचे. तिच्या ओढण्या मोठमोठ्या दुकानांत टांगल्या गेल्या आणि लोक तिला भाषणाला बोलवू लागले. ती म्हणायची, "मी कागदावर रेघा मारते हो. रंग धरतो तो काकांमुळे."

रंग धरण्याआधी कापड तुरटीच्या पाण्यात मुरवावं लागतं. तुरटी कमी पडली तर रंग उडतो, जास्त झाली तर कापड कडक होतं. काकांकडे याचं माप एकच होतं. करंगळी पाण्यात बुडवायची, जिभेला लावायची, डोळे मिटायचे, बाजूला थुंकायचं. "अजून पोरकट आहे," म्हणायचे, नाहीतर, "आता जमलं." काकू कपडे पिळता पिळता म्हणायच्या, "माझ्या भाजीला कधी एवढे डोळे नाही मिटलेत!"

"तुझी भाजी डोळे उघडे ठेवूनच खावी लागते," काकांचं उत्तर ठरलेलं.

सगळं बिनसलं ते काळ्या रंगावरून. गिऱ्हाइकांच्या तक्रारी येऊ लागल्या, काळा रंग अंगाला लागतो, धुतला की राखेसारखा होतो. एक सबंध गठ्ठा परत आला. गंजलेलं लोखंड गुळाच्या पाण्यात कुजवून काळा करायची जुनी रीत वेळ खाणारी, आणि दर वेळी रंग वेगळा. अशात एका प्रदर्शनात रसायनं विकणाऱ्या माणसानं तिला नारिंगी खडे दाखवले. तुरटीऐवजी हे पाण्यात घाला, म्हणाला, काळा जन्मात हलणार नाही. "पण जपून हं बाई. विषच आहे ते."

नक्षीताई निष्काळजी बाई नव्हती. तिनं लांब रबरी हातमोजे आणले, तोंडाला बांधायच्या पट्ट्या आणल्या, हौदाला झाकण करून घेतलं. सगळ्यांना अंगणात बसवून समजावलं. हात घालायचा नाही, वाफ घ्यायची नाही, खडे कुलपात ठेवायचे. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर वस्तीनं हसण्यावारी नेलं असतं. तिचं मात्र ऐकलं.

एवढं सगळं सांगितलं, एक तेवढं राहिलं. काकांचं चाखणं ती इतकी वर्षं बघत होती की ते तिला दिसेनासंच झालं होतं. रोज ओलांडणाऱ्याला उंबरा कुठे दिसतो?

काळा आला तो काजळासारखा. धुतला, घासला, उन्हात टाकला, हलला नाही. मागणी वाढली. तिनं देवापुढे हात जोडले.

मग सांडपाण्याच्या कडेची कर्दळ करपली. काकू म्हणाल्या, ऊन लागलं असेल. काकांचं बोलणं बोबडं झालं. त्यांनी नुकतीच कवळी बसवली होती, तेव्हा नक्षीताईला वाटलं, सवय व्हायची आहे. चहा निवून साय धरेपर्यंत ते कपाला हात लावत नसत. "तोंड आलंय जरा," एवढंच म्हणत. तिच्या मनात पाल चुकचुकली. पण नव्या मालाची घाई होती, आणि चुकचुकणारी पाल कामाच्या गडबडीत ऐकू येत नाही.

एका दुपारी ती नव्या किनारीचा कागद घेऊन न सांगता आली. वारा पडला होता. अंगणभर काळी कापडं टांगलेली, एकही हलत नव्हतं. दोरीच्या टोकाला धुतलेले हातमोजे वाळत होते. एका मोज्याला करंगळीच नव्हती.

"काकू, हा फाटला वाटतं? दुसरा आणते."

"फाटला नाही गं, कापलाय मी. करंगळी मोकळी लागते ना."

"कशाला?"

काकू हसल्या. "हे विचारणं झालं? चाखायला!"

नक्षीताईच्या हातातला कागद खाली पडला. शेडच्या सावलीत काका बाकावर बसले होते. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "काका, तोंड उघडा."

"वेडी का खुळी तू?"

"उघडा म्हणते ना!"

त्यांनी लाजत उघडलं. जिभेवर पांढरे चट्टे होते, कडेला कातडं सोललेलं. तिच्यानं बघवेना.

"अहो, विष आहे म्हणून सांगितलं होतं ना मी!"

"हात घालू नको म्हणालीस. मी घातला नाही. एका बोटानं काय होतंय?" काका समजुतीच्या सुरात म्हणाले. "हे पाणी तुरट नाही लागत, भाजतं. भाजलं की तयार झालं समजायचं."

"आजपासून बंद. शप्पथ आहे माझी."

"मी केव्हाच बंद केलंय. मला आता मीठसुद्धा कळत नाही. सूनबाई बघते. माझ्याहून तेज जीभ आहे पोरीची."

शेडच्या आत झाकण सरकल्याचा आवाज झाला. नक्षीताई धावली. सूनबाई हौदापाशी उभी होती, डोळे मिटून, करंगळी ओठांत. घशातून आवंढा खाली गेलेला स्पष्ट दिसला.

काकांचा मुलगा माल पोचवायला परगावी गेला होता. नक्षीताईनंच दोघांना गाडीत घातलं, काकूंनाही घेतलं. दवाखान्यात डॉक्टरांनी काकांची जीभ बघितली, मग सुनेचे पाय दाबून बघितले. बोट रुतलं तिथे खड्डा पडला तो तसाच राहिला.

"ही सूज केव्हापासून?"

"उभं राहून येते," सूनबाई म्हणाली.

"चाखून झाल्यावर थुंकत होतीस ना?"

ती हळूच म्हणाली, "मामंजी समोरच बसलेले असायचे. त्यांच्यापुढे थुंकायचं कसं?"

काकांनी मान फिरवली.

दोघांनाही ठेवून घेतलं. बाहेरच्या बाकड्यावर काकूंनी नक्षीताईचा हात हातात घेतला. त्यांच्या मनात राग नव्हता, आणि तेच नक्षीताईला सोसवेना. "तू होतीस म्हणून बरं," काकू म्हणाल्या. "आमच्या मेल्यांना काय कळतंय? तू सांगशील ते करायचं, एवढंच ठाऊक."

तपासण्यांचे अहवाल आले. नर्सनं घरच्या कुणाला तरी आत बोलावलं. काकू उठल्या नाहीत. "तूच जा. तुला समजेल ते काय म्हणतात ते."

डॉक्टरांनी सरळच सांगितलं. म्हातारे थुंकत होते म्हणून वाचले, चव मात्र परत येईलच असं नाही. सुनेची दोन्ही मूत्रपिंडं गेल्यात जमा आहेत. मोठ्या इस्पितळात आजच हलवा. तिथेही यश येईलच, असं सांगता येणार नाही.

"आणि आणखी एक," ते म्हणाले. "त्या वस्तीत हे खडे अजून कुणाकुणाकडे आहेत?"

काळा चांगला आला तेव्हा तिनं मोठ्या हौसेनं शेजारपाजारच्या शेडमध्येही डबे पोचवले होते. दर शेडमध्ये एक हौद होता, आणि दर हौदाला पाणी चाखणारं कुणीतरी.

ती बाहेर आली. काकूंनी बाकड्यावर सरकून तिला जागा केली आणि विचारलं, "काय म्हणाले गं? पोर घरी कधी येणार?"

नक्षीताई बसली नाही. "काकू," ती म्हणाली, "आधी एक फोन करू द्या मला. वस्तीत." तिनं शेजारच्या शेडचा नंबर लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली. दिवस अजून मावळला नव्हता, सगळे हौदावर असणार.