जाऊन राहिली

रोज सकाळी दहाच्या सुमारास बुधाजी वानखडे टेबलासमोरची खुर्ची उचलत आणि टेबलाला वळसा घालून आपल्या खुर्चीच्या शेजारी आणून ठेवत. संध्याकाळी झाडणारी बाई ती परत समोर ठेवून जाई. सकाळी बुधाजी ती परत बाजूला आणत. एकतीस वर्षे हे चालले. त्यावरून दोघेही एकमेकांना कधी काही बोलले नाहीत.

"समोर बसलं का मानूस साहेबाले सांगते तसं सांगते," ते म्हणत. "बाजूले बसलं का घरच्यावानी सांगते. अन् मी काय लिहून राहिलो, तेबी त्याले दिसते."

बार्शीटाकळीला कचेरीच्या रस्त्यावर ते अर्जनवीस होते. ज्यांना लिहिता येत नाही, किंवा येते पण सरकारी कागद पाहिला की हात थांबतो, अशा लोकांचे अर्ज ते लिहून देत. अमरावतीला एम.ए. करताना आम्हाला संज्ञापनाची नीती आणि तत्त्वज्ञान असा एक पेपर होता. एकाचे म्हणणे दुसऱ्यापर्यंत नेताना कोणावर कशाची जबाबदारी येते, हा त्याचा विषय. त्याच्या लघुप्रबंधासाठी मी दोन हिवाळे बुधाजींच्या टेबलाजवळ बसले. कोणी आले की ते आधी विचारत, "हे पोरगी आयकन, चालते का? नाई तं उठवतो तिले." पुष्कळदा त्यांनी मला उठवले.

त्यांच्या लिहिण्याला काही नियम होते. ते नियम आहेत हे मात्र त्यांनी कधी सांगितले नाही. सांगणाऱ्याने न सांगितलेले ते लिहीत नसत. भावाने शिवी दिली, पण अर्जात मारले असे टाका, असे कोणी म्हटले की ते पेनाला टोपण लावत. नळाच्या पाण्यासाठी चौथ्यांदा अर्ज करायला आलेल्या शेषराव नावाच्या गृहस्थाला त्यांनी विचारले, "खाली 'आपला नम्र' लिहू का?"

"मी काहून नम्र? तीन महिने झाले नळ कोरडा हाय!"

"मंग काय लिहू?"

"आपला शेषराव लिहा. बस."

बुधाजींनी तेवढेच लिहिले. शेजारच्या टेबलावरचे स्टॅम्पपेपर विकणारे नत्थुजी हसून म्हणाले, "बुढ्या, असे अर्ज लिहिशीन तं त्याच्या नळाले पुढच्या जन्मी पानी येईन."

"येऊ दे. पन अर्ज त्याचाच राहीन."

लिहून झाले की पूर्ण अर्ज ते मोठ्याने वाचत. सांगणाऱ्याने मान हलवली की मगच सही, नाहीतर अंगठा. आमच्या पेपरात एक प्रश्न नेहमी येई: निरोप पोहोचला असे कधी म्हणावे? मी तो त्यांना विचारला तेव्हा ते सहज म्हणाले, "सांगणाऱ्यानं मान हलवली का पोचला." मी ते वहीत लिहून घेतले. पुढे त्यांनीच मला ते खोडायला लावले.

दुसऱ्या हिवाळ्यात अपेक्षा आली. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, जवळच्या एका खेड्यात दिलेली, माहेर बाळापूरचे. आई आजारी म्हणून ती एका दिवसासाठी माहेरी निघाली होती. चार वर्षांची नीलम तापाने फणफणली होती, म्हणून तिला सासूजवळ ठेवले. अपेक्षा अजून एस.टी. स्टँडवरच होती, तोच सासऱ्यांचा फोन आला: गेलीस ती गेलीस, आता परत येऊ नको. ती तशीच मागे फिरली, तर दार उघडले नाही. मुलगी आत होती. तिचे रडणे बाहेर ऐकू येत होते.

बुधाजींनी अर्ज लिहिला. दोनदा वाचून दाखवला. अपेक्षाने दोन्हीदा मान हलवली आणि सही केली. अर्ज अकोल्याच्या एका समुपदेशन केंद्रात गेला. तिथल्या मॅडमचा अहवाल पुढे कोर्टात जायचा होता, आणि नीलम कोणाजवळ राहणार हे बरेचसे त्या अहवालावर ठरणार होते.

तीन आठवड्यांनी अपेक्षा परत आली. शेजारच्या खुर्चीवर बसली नाही. अर्जाची प्रत टेबलावर टाकून उभ्यानेच म्हणाली, "काकाजी, तुमी माही पोरगी त्याईच्या घरी लिहून देली."

प्रतीत एका वाक्याखाली केंद्रातल्या मॅडमनी मारलेली लाल रेघ होती. 'मी माहेरी जाऊन राहिले होते, तेव्हा सासऱ्यांचा फोन आला.'

अपेक्षा म्हणाली होती, "मी माहेरी जाऊन राहिली होती, तं सासऱ्याचा फोन आला." आमच्या वऱ्हाडात जाऊन राहिली म्हणजे जात होती, वाटेत होती. अर्ज शुद्ध मराठीत हवा म्हणून बुधाजींनी राहिलीचे राहिले केले आणि उरलेले वाक्य तसेच ठेवले. वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला त्यातून एकच अर्थ लागतो: ती माहेरी गेली आणि तिथेच राहिली. केंद्रातल्या मॅडम साताऱ्याकडच्या. सासरचे म्हणत होते की ही लेकरू टाकून निघून गेली, महिनाभर तिकडेच होती. आणि तिच्याच सहीचा कागद तेच सांगत होता.

बुधाजी त्या वाक्यावर बोट ठेवून ते परत वाचू लागले. मग पुटपुटले, "मी वाचलं दोनदा. तू आयकलं दोनदा."

"आयकलं नं! मले बरोबरच वाटलं."

"मलेबी."

नत्थुजींनी टेबल सोडून जवळ येत आवाज खाली केला. "तिनं सही केली हाय. वाचून दाखवलं असं खाली लिहेल हाय. तुह्या अंगावर काहीच येत नाई. आता चूक माही म्हनशीन तं लायसन जाईन, बुढ्या. घरी बसून काय करशीन? बुढीसंग भांडशीन?"

"तिच्यासंग तं आताबी भांडतोच," बुधाजी म्हणाले आणि कोरा कागद ओढला. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी स्वतःच्या नावाने अर्ज लिहिला. वर लिहिले: 'अर्जातील चूक माझी आहे, अर्जदाराची नाही.'

दुसऱ्या दिवशी ते अकोल्याला गेले. अपेक्षा आणि मी सोबत होतो. मॅडमनी दोन्ही कागद वाचले. त्या चिडल्या नाहीत, पण विश्वासही बसलेला दिसला नाही. म्हणाल्या, "बुधाजी, कागद अडचणीचा ठरला की सगळेच म्हणतात, लिहिणाऱ्याचं चुकलं. तुम्ही वाचून दाखवलंत, यांनी सही केली. मी आता कोणतं खरं मानू?"

तेवढ्यात केंद्रातला शिपाई श्रावण रिकामी किटली घेऊन दारातून चालला होता. बुधाजींनी त्याला हाक मारली. "काय करून राहिला रे भाऊ?"

"चहा आनाले जाऊन राहिलो. तुमाले पाह्यजे का?"

"मॅडम," बुधाजी म्हणाले, "हा कुठं गेला? कुठं राहिला? तुमच्यासमोर उभा हाय."

मॅडमनी श्रावणकडे पाहिले. तो गोंधळला. "मी काय केलं, मॅडम?"

"काही नाही," त्या म्हणाल्या. "तू परत एकदा बोल."

"काय बोलू?"

"आता बोललास तेच."

"चहा आनाले जाऊन राहिलो. पन तुमी जाऊ देऊन नाई राहिल्या नं!"

मॅडम हसल्या, अपेक्षाही हसली. महिन्याभरात पहिल्यांदा, असे ती नंतर म्हणाली. मग मॅडमनी पेन घेतले आणि तिला त्या दिवसाचे सगळे पहिल्यापासून विचारले. स्टँड, वेळ, फोन, बंद दार. सासरच्या गल्लीतल्या दोन बायकांनी ती दाराशी उभी होती असे सांगितले. मॅडमचा अहवाल अपेक्षाच्या बाजूने गेला, आणि पुढे कोर्टातूनही तसाच आदेश झाला. फेब्रुवारीत नीलम आईजवळ आली.

सासरच्यांनी बुधाजींविरुद्ध तक्रार केली. त्यांना कचेरीतून लेखी समज मिळाली, आणि दोन महिने टेबल मांडता आले नाही. नत्थुजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आमचा बुढा खरं बोलाले गेला अन् सुट्टीवर गेला."

परतल्यावर त्यांनी माझी वही मागितली आणि ते जुने उत्तर शोधायला लावले. "खोड. मान हलवली म्हंजे त्याले त्याचंच आयकू आलं. समोरच्याले काय आयकू जाईन, ते कोनी पाह्यलं?"

आमच्या पेपरात बोलणाऱ्याच्या संमतीवर आणि ऐकणाऱ्याच्या कर्तव्यावर बरेच काही होते. पण सांगणारा आणि लिहिणारा एकाच बोलीत मुरलेले असले, तर त्यांचे एकमत कागदाला किती अपुरे पडते, हे मला कुठे सापडले नव्हते. बुधाजींनी त्यावर उपायही शोधला होता. कोपऱ्यावरच्या बँकेत कोल्हापूरचा एक तरुण कारकून होता. दुपारी तो चहाला आला की बुधाजी अर्ज त्याच्यासमोर धरत. नाव-गाव आपल्या तळव्याने झाकत, तेही अर्जवाल्याला विचारून. "वाच. अन् तुले काय समजलं ते सांग." त्याला वेगळेच काही समजले की त्यांना शोध लागल्यासारखा आनंद होई. ते वाक्य ते परत लिहीत.

जूनमध्ये मी शेवटची गेले तेव्हा अपेक्षा नीलमला घेऊन आली होती. बालवाडीच्या प्रवेशाचा फॉर्म भरायचा होता. बुधाजींनी नाव विचारले ते मुलीला. जन्मतारीख विचारली, ती आईने सांगितली. पालकाच्या रकान्यात अपेक्षाचे नाव त्यांनी सावकाश, वळणदार अक्षरात लिहिले, आणि तिने नको म्हटले तरी पूर्ण फॉर्म वाचून दाखवला. दुपारपासून छातीत जळजळते आहे असे ते नत्थुजींना म्हणाले होते, म्हणून लवकर उठायच्या तयारीत होते. त्याच रात्री ते गेले. पण तेव्हा, टेबलाच्या खणाला कुलूप लावता लावता, त्यांना फॉर्मवरची रिकामी चौकट दिसली.

"फोटो दोन लागतीन," ते अपेक्षाला म्हणाले. "उद्या आनजो."