हाकेला येणारा रोही

रामेश्वर गावंडेचं अर्धं आयुष्य रोही हाकलण्यात गेलं आणि उरलेलं रोही बोलावण्यात. आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. माणूस मंगरूळपीरकडचा. तिकडे नीलगाईला रोही म्हणतात, आणि रोह्यांचा कळप एकदा हरभऱ्यात शिरला की सकाळी शेतात नुसती ढेकळं उरतात. म्हणून रामेश्वर लहानपणापासून मचाणावर बसून आरोळी ठोकायला शिकला. त्याची आरोळी घुमली की पार नाल्यापलीकडचे रोही उधळत. गावात त्या गळ्याला मान होता.

तो गळा नोकरीपायी शारजाच्या मागं, धैदच्याही पुढं वाळूत येऊन पडला. तिथं राजाभाऊ देवस्थळींचा मजरा होता. मजरा म्हणजे इकडची शेतवाडी: बोअरवेल, खजुराची झाडं आणि भोवती उंच तारेचं कुंपण. राजाभाऊ अल मनखूलच्या दोन खोल्यांतून वर आलेला माणूस, हमरिया फ्री झोनमध्ये पत्र्याचे डबे बनवायचा कारखाना काढलेला. पैसा झाला तसा शौक आला. बाहेरून रोही आणायचे, कुंपणात वाढवायचे आणि पाहुण्यांसमोर पाडायचे. तेही बावीस बोअरच्या रायफलीनं, जी ससे आणि कबुतरं मारायला असते. "मोठ्या बंदुकीनं मोठं जनावर कुणीही मारतो, हबीबी," असं ते प्रत्येक पाहुण्याला ऐकवायचे. "हरभऱ्याएवढ्या गोळीनं रोही झोपवा, मग बोला."

कसा झोपवायचा ते मात्र सांगायचे नाहीत. तसली गोळी रोह्याच्या खांद्याला लागली तर तो अंग झाडून चालू लागतो. ती डोळा आणि कान यांच्या मधोमध, रुपयाएवढ्या जागेत शिरली तरच काम होतं. त्यासाठी जनावर मान खाली घालून, गोठ्यातल्या म्हशीसारखं, अगदी समोर उभं राहायला हवं. रामेश्वरला ठेवला होता तो याचसाठी. त्यानं टबात खजूर ओतायचे आणि हाक मारायची, "ये रे बाप्पा, ये." जनावर यायचं, खायला लागायचं, फाटकाची कडी पडावी एवढा आवाज व्हायचा. शिकार कसली डोंबलाची ती. पण पाहुणे टाळ्या वाजवायचे, महाडचा गनी कातडी सोलायचा आणि रामेश्वर टब धुऊन ठेवायचा. याच जातीनं आपलं शेत खाल्लंय, असं तो मनाशी म्हणायचा आणि तेवढ्यावर त्याचं भागायचं.

ठाणेदार नावाच्या रोह्याच्या बाबतीत भागलं नाही. हा पाडा असताना आला, आई वाटेत, आणायच्या पेटीतच मेलेली. रामेश्वरनं त्याला स्वतःच्या खोलीत, एसीखाली गोणपाटावर निजवला, बाटलीनं वाढवला. मोठा झाल्यावर तो काळाभोर, गळ्याखाली दाढीचा झुपका, आणि सगळा मजरा आपल्याच हद्दीत असल्यासारखा चालायचा, म्हणून हे नाव. त्याला एक खोड होती. आला की आधी रामेश्वरच्या काखेत डोकं खुपसायचं आणि मग टबात तोंड घालायचं. राजाभाऊंनी एकदा हसत हसत शब्द दिला होता की ठाणेदार तुझा, त्याला हात लावणार नाही. रामेश्वरनं तो शब्द जपून ठेवला होता, भोळाच तो.

मग अल रीम आयलंडवरून सिद्धांत नावाचा बडा खरेदीदार आला. कारखान्याची वर्षाची सगळ्यात मोठी ऑर्डर त्याच्या सहीवर अडली होती. त्यानं जीपमधूनच ठाणेदार पाहिला आणि हाच पाहिजे म्हणाला. राजाभाऊंनी मुलीला, मिहिकाला, फोन लावून विचारलं, कारण लहानपणी तिनं त्या पाड्यासोबत फोटो काढले होते. ती म्हणाली, "व्हिच वन, बाबा?" तिथं तेही संपलं.

रामेश्वर राजाभाऊंसमोर जाऊन उभा राहिला.

"याले सोडा, साहेब. बाकी सगळे मीनं बोलावून देल्ले. याले नाही."

"शब्द दिला होता, मान्य," राजाभाऊ म्हणाले. "पण तेव्हा सिद्धांत कुठं होता? तू नाही बोलावलंस तर आम्ही जीपमधून मारू. मग लागेल तिथं लागेल. बघ बुवा, तुझा लाडका आहे."

म्हणजे नाही म्हणायचीही सोय ठेवली नव्हती मेल्यानं. रामेश्वर रात्रभर तळमळला आणि पहाटे त्याला सुचलं. मचाणावरची आरोळी. नेम धरला की ती ठोकायची. कुठल्याही रोह्याचं रक्त त्या आवाजानं गार होतं, ठाणेदार कुंपणाच्या टोकाला पळेल. पळत्या रोह्याला ही गोळी काही करत नाही, आणि सिद्धांतला दुपारची मीटिंग होती.

सकाळी त्यानं हाक मारली. ठाणेदार डुलत आला, काखेत डोकं खुपसलं, टबात तोंड घातलं. रामेश्वर बाजूला झाला. सिद्धांतनं जीपच्या बॉनेटवर रायफल टेकली, श्वास धरला, आणि रामेश्वरनं पोटातून आरोळी ठोकली. त्या वाळूत तसला आवाज कधी घुमला नसेल.

ठाणेदार पळाला नाही. पळेल कशाला? त्याला मचाण माहीत नव्हतं, शेत माहीत नव्हतं, फटाके माहीत नव्हते. त्या गळ्यातून निघालेल्या प्रत्येक आवाजाचा अर्थ त्याच्या लेखी एकच होता. त्यानं मान वर केली आणि रामेश्वरकडे वळला. डोळा-कानाच्या मधे धरलेली गोळी जबड्यात बसली.

सिद्धांत बिथरला आणि घोडा दाबतच राहिला. एक पोटात, एक मागच्या मांडीत, बाकीच्या वाळूत. मग मात्र ठाणेदार पळाला, तीन पायांवर, जबडा लोंबत असलेला. जीप त्याच्या मागं लागली की तो पुढं जायचा, जीप थांबली की थांबायचा. ऊन चढलं. तोंडातून रक्ताची तार लागली होती आणि दर श्वासाला घुंगरू फुटल्यासारखा आवाज येत होता. सिद्धांत मोबाईलवर मीटिंग पुढं ढकलत होता.

"बोलव आता," राजाभाऊ म्हणाले. रामेश्वर हलला नाही.

गनी त्याच्याजवळ आला. गनी कधी फारसा बोलायचा नाही. "बोलव, भावा. ह्या असल्या गोळ्यांनी हा आज मरत नाही, उद्याही मरत नाही. माश्या बसतील त्याच्यावर."

रामेश्वरला रडू फुटलं होतं, तरी त्यानं आवाज सरळ केला. आवाज फाटला तर तो घाबरेल, ही काळजी. "ये रे बाप्पा, ये," तो म्हणाला.

ठाणेदार आला. पाय ओढत, वेळ लावत, पण आला. फुटकं तोंड टबात घातलं, खजूर उचलायला बघितलं, ते जबड्यातून परत खाली पडले. मग त्यानं नेहमीसारखं रामेश्वरच्या काखेत डोकं खुपसलं. रामेश्वरनं ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं. सिद्धांतनं नळी पार कानाला टेकवली. या वेळी नेम चुकायला जागाच नव्हती.

ते मुंडकं आता रीम आयलंडवर सिद्धांतच्या घरी, विसाव्या मजल्यावर भिंतीला आहे, जबडा प्लॅस्टरनं नीट बसवलेला. राजाभाऊ रामेश्वरवर रागावले नाहीत. पुढच्या वेळी तेवढं ओरडू नकोस, जनावर मान वर करतं, एवढंच समजावलं. आणि महिना उलटायच्या आत नवीन पाडा आणून त्याच्या खोलीत सोडला.

या पाड्याला रामेश्वरनं नाव ठेवलं नाही. गोणपाट घातलं नाही. बाटली हातात घेतो, आणि पाडा जवळ आला की आधी खजुराच्या फोकानं नाकावर मारतो, कळ डोक्यात जाईल असं. गनीनं एकदा हात धरला, तर रामेश्वर म्हणाला, "सोड. याले माही भीती वाटली पायजे." पाडा कोपऱ्यात जातो, थरथरतो, नाक चाटतो.

पण त्या अख्ख्या मजऱ्यात दुधाची बाटली एकाच माणसाच्या हातात असते. थोड्या वेळानं पाडा उठतो आणि परत त्याच्याकडे येतो. रामेश्वर परत मारतो. तो परत येतो. परवापासून तर आला की आधी त्याच्या काखेत डोकं घालतो.