घरमालकाची खुर्ची

गुणवंत देवरुखकर दिल्लीला आले ते कारकून म्हणून, आणि निवृत्तीला टेकले तेव्हा सेक्शनचे प्रमुख होते. मधली सगळी वर्षं उठण्यात गेली. साहेब आले, की उठायचं. साहेब ‘बैठिए’ म्हणाले, की बसायचं. म्हणायला विसरले तर उभंच राहायचं, आणि साहेब लोक हटकून विसरतात. संध्याकाळी लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये परतताना गुडघे कुरकुरायचे.

कॉलनीच्या गणपतीत दरवर्षी नाटक होई. गुणवंतरावांकडे काम असे ते पडदा ओढायचं. त्या वर्षी नाटकात घरमालकाचं काम करणाऱ्या बळवंतरावांची ऐन तालमीत गुवाहाटीला बदली झाली. आमच्या दिल्लीकरांची नाटकं नट आजारी पडून अडत नाहीत, बदलीच्या ऑर्डरनं अडतात. नाटक बसवणाऱ्या विजयालक्ष्मीबाई शाळेत शिकवत. त्यांनी गुणवंतरावांना दोरी सोडायला लावून थेट खुर्चीत बसवलं.

“तुम्हाला सगळ्यांची वाक्यं पाठ आहेत. चलो, सुरू करा.”

घरमालक माजोरडा. भाडेकरू गयावया करत येतो, तरी हा खुर्चीतून हलत नाही. सगळा प्रवेश त्या न हलण्यावर उभा. आणि भाडेकरू कोण, तर श्यामकांत, गुणवंतरावांच्याच मंत्रालयातले उपसचिव, त्यांचे साक्षात साहेब. हौशी माणूस, तालमीला न चुकता येई.

पहिल्या तालमीत साहेब आत आले आणि घरमालक ताडकन उठला. दुसऱ्या दिवशीही तेच. बाई वैतागल्या. “गुणवंतराव, ते साहेब नाहीत, भाडेकरू आहेत!”

“कळतं हो मला. पायांना कळत नाही.”

मुलगी वीणा कॉलेजात होती. तिनं घरी एकदाच सांगितलं, “बाबा, नाटकाला माझ्या फ्रेंड्स येणार आहेत. प्लीज, त्या दिवशी उठू नका.” लेकीसमोर फक्त बसून राहायचं होतं, आणि तेवढंही आपल्याला जमेल की नाही, याची गुणवंतरावांना खात्री नव्हती.

प्रयोगाच्या संध्याकाळी मांडव गच्च भरला. गुणवंतराव खुर्चीचे हात घट्ट धरून बसले. साहेब आत आले. आणि गुणवंतराव उठले.

कॉलनी सगळी सरकारी. काय झालं ते शेवटच्या रांगेलाही कळलं. हशा पिकला. पुढच्या रांगेत वीणानं मान खाली घातली. साहेबही गोंधळले आणि ऑफिसात असल्यासारखं बोलून गेले, “बैठिए, बैठिए.” वरच्या माईकनं ते सगळ्यांना ऐकवलं. आता तर मांडव डोक्यावर घेतला लोकांनी.

विंगेतून बाई हातानं ‘बसा, बसा’ करत होत्या. गुणवंतराव बसले नाहीत. त्यांना रागही आला नव्हता. फार थकल्यासारखं मात्र वाटलं, इतकं, की हुकूम ऐकायचंही त्राण उरलं नाही. ते उभ्या उभ्या साहेबांकडे बघत राहिले. हसणं हळूहळू विरलं. मग त्यांनी घरमालकाचं वाक्य म्हटलं, अगदी सावकाश.

“मी विचारल्याशिवाय बोलायचं नाही.”

साहेबांनी खरोखरच मान खाली घातली. गुणवंतराव वळले, आपल्या वेळेनं खुर्चीत बसले, आणि पडदा पडेपर्यंत हलले नाहीत. टाळ्या किती वाजल्या ते त्यांना आठवत नाही.

घरी वीणा त्यांच्या पायाशी येऊन बसली. “बाबा, ते वाक्य खरंच नाटकात होतं?”

“होतं गं. बळवंतराव घाईत म्हणायचे.”

ती त्यांचे गुडघे चेपत राहिली.

सोमवारी साहेब सेक्शनमध्ये आले. सगळे उठले, गुणवंतरावही उठले. नोकरी अजून संपली नव्हती. साहेब खिडकीशी उभे राहून कुणाशी तरी बोलत राहिले आणि ‘बैठिए’ म्हणायचं नेहमीसारखं विसरले. सगळं सेक्शन ताटकळलं.

गुणवंतरावांनी खुर्ची ओढली आणि ते बसले.