तांब्याभर पाणी

लढाईच्या दिवसांत मी नगरच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होतो. उन्हाळ्याच्या सुटीत रंगपेटी घेऊन पाथर्डीकडच्या एका खेड्यात गेलो. तिथे दोन वर्षं पाऊस नव्हता. माळ जळून तांबूस झाला होता, बाभळींना नुसते काटे होते, आणि झळांमध्ये सगळं असं थरथरत होतं की एकही रेघ जागेवर राहत नव्हती. मला ते दृश्य आवडलं. सांगायला लाज वाटते, पण आवडलं.

नदीकाठच्या घरी पाणी मागितलं. म्हाताऱ्या बाईनं काही न विचारता तांब्या भरून दिला. दारी आलेल्याला पाण्याला नाही म्हणत नाहीत. मी समोरच चित्र काढत बसलो. ती कोरड्या नदीत उतरली आणि वाळूतल्या खड्ड्यातून वाटीवाटीनं घागर भरू लागली. चित्रात मी तिच्या लुगड्याचा एक लाल ठिपका दिला.

दुपारी ती तांब्या न्यायला आली. पाणी कुंचले धुऊन निळं झालं होतं.

"प्यायला न्हवतं व्हय, मास्तर?"

तिनं तांब्या दारातल्या गाईपुढे धरला. गाईनं वास घेतला आणि तोंड फिरवलं. "पी गं बाय," ती विनवत राहिली. गाय प्यायली नाही.

मग तिनं कागदाकडे पाहिलं. कोरडी नदी भकास दिसते म्हणून मी मूर्खानं ती दुथडी भरून काढली होती.

"ह्ये माजंच पानी का?" तिनं विचारलं.