थकवा टोकाला बसतो

भामरागडकडच्या एका गावात मी दवाखान्यात कारकून होतो. पावसाळ्यात रस्ता बंद झाला की वायरलेस हाच आधार, आणि त्याची बॅटरी छपरावरच्या लहान पवनचक्कीवर भरायची. पाऊस आठ दिवसांवर आला असताना चक्कीच्या एका पात्याचा चिकटवलेला सांधा उकलला. उकललेली भेग मी पट्टीने मोजली, साडेचार इंच.

डोंगे, म्हणजे नदीतल्या लाकडी होड्या, दुरुस्त करणाऱ्या एका माणसाला बोलावलं. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. सांध्याला कान लावून, डोळे मिटून तो नखाने टकटक करत गेला आणि माझ्या मापाच्या दोन इंच पुढे, आतून भेग जिथवर पोचली होती तिथे, त्याने कोळशाची खूण केली.

“मी काल पात्याला लोंबकळून पाहिलं, तुटलं नाही,” मी म्हणालो.

तो खो खो हसला. “भाऊ, तुमच्या वजनाले कोन भिते? एका जोरानं नाई तुटत ते. हलून हलून थकते, अन् थकवा भेगेच्या टोकाले बसते.”

त्याने जुना गोंद खरवडला, ताण एकाच जागी साचू नये म्हणून सांध्याचं टोक घासून निमुळतं केलं. मी भरपूर गोंद ओतायला निघालो तर हात धरला. “पातळ लावा जी. जाड थर लवकर फुटते.” मजबुती मी तोवर वजनातच मोजत आलो होतो.

दोन दिवस सांधा दोरीने आवळून ठेवला. तिसऱ्या दिवशी चक्की फिरली, संध्याकाळी वायरलेस बोलला, “ऐकू येतंय का?” मी बटण दाबलं, पण माझ्याआधी शेजारी उभा असलेला तो डोंगेवालाच ओरडला, “येते जी, मस्त येते! येऊ द्या आता पाऊस!”