पिवळी पडलेली कोरी नळी

ही गोष्ट माझ्या पत्नीलाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगायला बसलो आहे, आणि तरी सुरुवात कोठून करावी ते उमगत नाही—पाण्यापासून, की माझ्यापासून?

बुऱ्हाणपुरात, लोधीपुऱ्यातल्या एका लहानशा प्रयोगशाळेत मी पाणी तपासतो. फोपनारला माझी वहिनी राहते. चहूकडे केळीच्या बागा, आणि मधोमध घरची विहीर. बागांना घातलेल्या युरियाचे नायट्रेट पाण्यात उतरले, तर तान्ह्या बाळाच्या रक्ताला प्राणवायू नीट वाहून नेता येत नाही. वहिनीच्या सुनेला, सुनंदाला, नव्या बाळापुरते दूध येत नव्हते. डब्याचे दूध त्या पाण्यात कालवावे की नाही, एवढेच विचारायला वहिनी पाण्याची बाटली घेऊन आली होती.

रीत सोपी आहे. रसायने घातली की नायट्रेटचे पाणी पिवळे पडते; रंग जितका गडद, तितका यंत्रावरचा आकडा मोठा. शेजारी शुद्ध पाण्याची एक नळी ठेवतात. तिला आम्ही कोरी म्हणतो. ती रंगहीनच राहायला हवी. त्या दिवशी तीही पिवळी पडली.

शुद्ध पाण्याचा कॅन रिकामा होता, म्हणून मी ती नळाच्या पाण्याने भरली होती. हे मला तेव्हाच आठवले, की नंतर? या प्रश्नाभोवती मी फिरत राहतो—आणि तो प्रश्नच माझी पळवाट नसेल ना? कोरी पिवळी दिसली की सगळे ओतून पुन्हा करावे, हे तर मी जाणत होतो.

“भाऊजी, इतक्या टाइमात मी गावभराचा चहा केला असता,” वहिनी बाहेरून म्हणाली. “जल्दी करा, बस निघून जाईल.”

नेहमी करतात तसा मी कोरीचा आकडा विहिरीच्या आकड्यातून वजा केला. जवळजवळ काही उरले नाही—उरणार कसे? नळाच्या दोषाने विहिरीचा दोष खोडला होता. आमच्याकडे कचेऱ्यांत ‘काही नाही’ यासाठी जो शब्द चालतो, तो मी लिहिला: निरंक.

काही आठवड्यांनी बाळ निळे पडले, आणि गेले. डॉक्टर आधी हृदयाचे म्हणाले, मग खात्री नाही म्हणाले. त्यांनी पाण्याबद्दल विचारले, तेव्हा मी तेथेच उभा होतो.

“पाणी तर आमच्या भाऊजींनीच तपासलं ना,” वहिनी सुनंदाकडे बोट करून म्हणाली. “हिलाच दूध नव्हतं.”

पुढे त्या विहिरीचे पाणी मी रीतसर तपासले. गडद पिवळे. वहिनीला सांगितले, पाणी आता बिघडले आहे, पिऊ नका. ‘आता’—हा शब्द मी मुद्दाम घातला. बाळ त्या पाण्यानेच गेले का? मला ठाऊक नाही. खरेच नाही.

सुनंदा नेपानगरला माहेरी निघाली, तेव्हा मीच तिला स्टेशनवर सोडायला गेलो. गाडी दिसू लागली. तेव्हा ती म्हणाली, “काका, ते पाणी खरंच चांगलं होतं ना?”

ती काय विचारते आहे, ते मला समजत होते. पाणी वाईट असते, तर तिच्याकडे दोष उरला नसता.

“चांगलं होतं, बेटा,” मी म्हणालो.

तिने मान हलवली, पिशवी उचलली आणि गाडीत चढली.